मदत हवी आहे: ऑफिस २०१६ वरून मायक्रोसॉफ्ट ३६५ कडे जावे का?

आमच्या करसल्लागार कार्यालयात आठ संगणकांवर ऑफिस २०१६ आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, आणि ग्राहकांचे आर्थिक तपशील सुरक्षा अपडेटविना ठेवणे मला पटत नाही. ब्राउझरमधले एक्सेल वापरून पाहिले. फाइल उघडते, पण आमचे व्हीबीए मॅक्रो (एक्सेलमधली कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) तिथे चालत नाहीत. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट ३६५ ची बिझनेस बेसिक योजना (फक्त ब्राउझर व मोबाइलवरची अ‍ॅप्स) सर्वांना पुरणार नाही. इंटरनेटही वरचेवर जाते. गूगल शीट्स सुचवू नका, मॅक्रो नव्याने लिहिणारे कोणी नाही.

विचार असा: मॅक्रोवाल्या तिघांना बिझनेस स्टँडर्ड (संगणकावर बसवायची अ‍ॅप्सही देणारी वर्गणीची योजना), बाकीच्यांना एकरकमी ऑफिस २०२४ होम अँड बिझनेस. अशी सरमिसळ कोणी केली आहे का? वनड्राइव्हवरच्या एकाच फाइलमध्ये दोन्ही गटांना एकाच वेळी काम करता येते का?