मदत हवी आहे: न्यूट्रोफिलला (जखमेकडे धावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीला) दोन बाजूंनी हाका आल्या तर तो जातो कुठे?

नमस्कार मंडळी. मुलांना दाह शिकवायचा आहे आणि एका जागी माझीच गाडी अडली आहे.

रक्तवाहिनीच्या आतलं समजलंय. इजा झाली की वाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नावाची चिकटणारी प्रथिनं येतात, न्यूट्रोफिल त्यांना धरत-सोडत घरंगळतो. अस्तरावरच्या इंटरल्युकिन-८ या बोलावणाऱ्या रसायनाने त्याचे इंटिग्रिन (त्याच्या अंगावरची पकड घेणारी प्रथिनं) घट्ट होतात, तो थबकतो आणि अस्तराच्या फटीतून बाहेर पडतो. (इंटिग्रिन जन्मतः सदोष असलेल्या बाळांच्या रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, पण जखमेत पू जवळजवळ नाहीच! थबकण्याचं मोल मला तेव्हा कळलं.)

अडतंय ते बाहेर पडल्यावर. पेशी जेमतेम १२ ते १५ मायक्रोमीटरची. तिच्या दोन टोकांमध्ये रसायनाच्या प्रमाणात फरक असून असून किती असणार? मग दिशा कळते कशी? जिवाणू पोहता पोहता 'मघापेक्षा वाढलं का' ते बघतात, तसंच का? आणि इकडून इंटरल्युकिन-८, तिकडून जिवाणूंचे फॉर्मिल पेप्टाइड (त्यांच्या प्रथिनांचे तुकडे), अशा दोन हाका आल्या तर तो मधेच अडकत का नाही?

प्रतिसाद १
नाही, तो जागच्या जागीच पुढची आणि मागची बाजू ताडून पाहतो. एक-दोन टक्के फरकही पुरतो. गंमत म्हणजे रिसेप्टर (रसायनाचा संकेत टिपणारी प्रथिनं) पेशीभर साधारण सारखेच पसरलेले असतात. तो बारीक फरक वाढवला जातो आत. जिकडे संकेत जास्त तिकडे ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं विणून पाय पुढे, मागे मायोसिन हे दुसरं प्रथिन आवळून शेपूट ओढून घेतं.

दोन हाकांचं म्हणाल तर त्यांचा मान सारखा नाही. इंटरल्युकिन-८ आणि ल्युकोट्राइन बी-४ (असंच आणखी एक बोलावणारं रसायन) वाटेवरच्या खुणा. फॉर्मिल पेप्टाइड आणि रक्तातल्या पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांतलं सी-५-ए म्हणजे मुक्काम. प्रयोगात दोन्ही समोर ठेवले तर न्यूट्रोफिल मुक्कामाकडे वळतो, कारण तो संकेत पी-३८ या कायनेजमार्फत (पेशीतला संकेत पुढे नेणाऱ्या विकरामार्फत) दुसऱ्याला आतूनच दाबतो. शिवाय एकाच रसायनात फार वेळ राहिलं की त्याचे रिसेप्टर बधिर होतात.

धागाकर्ती
आभार! पण एक खोडकर हात वर येणारच: मुक्या मारात जिवाणू नसतात, तरी न्यूट्रोफिल का धावतात?

प्रतिसाद १
फुटलेल्या पेशींतून मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) सांडतात. त्यांचे पूर्वज जिवाणूच, म्हणून त्यांच्या आत बनणाऱ्या प्रथिनांचीही सुरुवात जिवाणूंसारखीच फॉर्मिल मेथिओनिन या अमिनो आम्लाने होते. न्यूट्रोफिलच्या लेखी शत्रू आलाच!