नवीन फोनचा पहिला आठवडा: काय अपडेटने सुधारेल, काय नाही?

चकमक (प्रश्न; पुढची उत्तरं तारजोडणी, भिंग आणि काना-मात्रा या सदस्यांची)

नवीन ॲन्ड्रॉइड फोन वापरून आठवडा होत आला. ६.७ इंची ॲमोलेड स्क्रीन, १२० हर्ट्झ, ५००० एमएएच बॅटरी, मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेल, चार्जिंग ६७ वॉट. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा तक्रारी या वर्गातल्या बऱ्याच फोनबद्दल ऐकू येतात.

चांगलं ते आधी सांगते. भर उन्हात स्क्रीन स्पष्ट दिसते, स्क्रोलिंग कुठेही अडखळत नाही, स्पीकरचा आवाज फाटत नाही.

आता खटकणारं. बॅटरी दिवसभर जेमतेम पुरते, स्क्रीन-ऑन टाइम साडेपाच तास. रात्री ब्राइटनेस कमी करून वाचलं की डोळे ठणकतात. कॉल चालू असताना गाल लागून म्यूट दाबलं जातं. घरातल्या दिव्यात पळत्या मुलांचे फोटो पुसट येतात आणि बटण दाबल्यानंतरचा क्षण टिपला जातो. बोटाचा ठसा दहापैकी तीनदा चुकतो. लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या चार्जरवर चार्जिंग फारच मंद. ४० जीबी व्हिडिओ केबलने उतरवायला वीस मिनिटं.

बदलून घ्यायची मुदत थोडी शिल्लक आहे. यातलं अपडेटने काय सुधारेल आणि कशासाठी वाट पाहणं व्यर्थ आहे?

तारजोडणी

बॅटरीपासून सुरुवात करू. पहिले तीन-चार दिवस मोजमापातून वगळा. बॅकअपमधून ॲप्स उतरतात, गॅलरी सगळे फोटो पुन्हा तपासते, आणि ॲप्स या फोनच्या प्रोसेसरसाठी जुळवून घेण्याचं काम ॲन्ड्रॉइड मुख्यतः फोन चार्जिंगला लावून निवांत पडलेला असताना करतो. म्हणून दोन-तीन रात्री फोन वाय-फाय चालू ठेवून चार्जिंगला असू द्या.

त्यानंतर दोन रात्रींची चाचणी घ्या. पहिल्या रात्री नेहमीसारखा, चार्जरशिवाय ठेवा आणि झोपताना व उठल्यावर टक्के लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोड, वाय-फायही बंद. आठ तासांत ३ ते ५ टक्के उतरले तर ठीक. पहिल्या रात्री १० आणि दुसऱ्या रात्री २ उतरले, तर खर्च नेटवर्कचा किंवा त्यावरून सतत सिंक करणाऱ्या एखाद्या ॲपचा आहे. ५जीचा सिग्नल कमजोर असेल तर मोडेम सारखा धडपडत राहतो. एक दिवस ‘पसंतीचं नेटवर्क’ ४जीवर ठेवून पाहा, फरक पडला तर कारण तेच. दोन्ही रात्री सारखेच जास्त टक्के उतरले, तर फोनच्या आतच काहीतरी जागं राहतंय. ते बहुतेक वेळा अपडेटने सुटतं.

साडेपाच तास हा आकडा वाईटच असतो असं नाही. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॉट-तास. त्यातले नव्वद टक्के साडेपाच तासांत संपले तर सरासरी ३ वॉटच्या वर जाते. उन्हात, मोबाइल डेटावर, नकाशा चालू ठेवून एवढं सहज लागतं. घरात वाय-फायवर नुसतं वाचताना एवढं लागत असेल तर मात्र गडबड आहे.

डोळ्यांचं दुखणं वेगळ्या जातीचं. कमी ब्राइटनेसला बहुतेक ॲमोलेड स्क्रीन उजेड मंद करत नाहीत, तर सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. दुसऱ्या फोनचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घ्या, शटर १/१००० सेकंद करा आणि २० टक्के ब्राइटनेसला पांढरं पान पाहा. रुंद, गडद काळे पट्टे सरकताना दिसले तर उघडझाप तीव्र आहे. मग ८० टक्क्यांना तेच करून पाहा, पट्टे बहुधा बरेच फिके होतील. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये डीसी डिमिंग किंवा फ्लिकर कमी करण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर ब्राइटनेस ५० टक्क्यांच्या वर ठेवून ॲन्ड्रॉइड १२ पासून मिळणारं ‘एक्स्ट्रा डिम’ वापरा. बऱ्याच फोनवर ते चित्राचे रंगच गडद करतं, त्यामुळे स्क्रीनची उघडझाप वाढत नाही. पॅनेल जे आहे ते आहे. एवढं करूनही डोळे दुखत असतील तर अपडेटची वाट पाहू नका, फोन बदला. डोळ्यांशी तडजोड करायची नाही.

भिंग

फोटोंचं सांगतो. ५० मेगापिक्सेलचे असे सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतात. घरातल्या उजेडात शटर १/३० च्या आसपास उतरतं, त्यात पळणारं मूल पुसट येणारच. प्रो मोडमध्ये १/१२५ ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पर्यंत जाऊ द्या. थोडा दाणेदार फोटो चालतो, पुसट चालत नाही. ऑटो नाइट मोड बंद करा. कमी उजेडात ५० मेगापिक्सेलचा मोड वापरू नका.

बटण दाबल्यानंतर लागणारा उशीर मोजता येतो. लॅपटॉपवर स्टॉपवॉच चालू करून फोन त्यासमोर टेकवून ठेवा. नजर फोनवर नको, थेट स्टॉपवॉचवर ठेवा, कारण प्रीव्ह्यूच थोडा मागे असतो. बरोबर ५.० दिसताच बटण दाबा आणि फोटोत किती उमटलं ते पाहा. असं दहादा करा. आपल्या बोटाचा उशीरही त्यात येतो, म्हणून जुन्या फोनवरही तेच करून फरक काढा. एचडीआरसाठी (उजळ आणि गडद भाग दोन्ही नीट दिसावेत म्हणून) अनेक फ्रेम जोडण्याच्या पद्धतीतून हा उशीर येत असेल तर कंपनी तो अपडेटने कमी करू शकते, आणि करावाच.

आणखी एक चाचणी आजच घ्या. वर्तमानपत्राचं पूर्ण पान भिंतीवर सपाट चिकटवा, फोन त्याला समांतर धरून दिवसाउजेडी फोटो काढा आणि चारही कोपरे झूम करून वाचा. चारही सारखेच थोडे मऊ असतील तर भिंगाचा स्वभाव म्हणा. तीन कोपऱ्यांतली अक्षरं कोरीव आणि चौथ्यातली फुगलेली, असं दिसलं तर फोन उलटा धरून पुन्हा काढा. दोष फोनबरोबर फिरून पानाच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर भिंग तिरकं बसलंय. ते कोणत्याही अपडेटने सरळ होत नाही.

काना-मात्रा

गाल लागून म्यूट होणं: फोन कानाला लागला की स्क्रीन बंद करणारा इन्फ्रारेड (प्रॉक्सिमिटी) सेन्सर आता अनेक फोनमध्ये नसतो. कानाजवळच्या स्पीकरमधून ऐकू न येणारा आवाज सोडून, त्याचा प्रतिध्वनी आणि फोनची हालचाल यांवरून अंदाज बांधला जातो. सेन्सर दाखवणाऱ्या ॲपमध्ये प्रॉक्सिमिटीच्या नावात ‘व्हर्च्युअल’ किंवा ‘अल्ट्रासाउंड’ दिसलं तर हीच पद्धत. स्क्रीनवर वरून लावलेल्या संरक्षक काचेची कड स्पीकरच्या फटीवर येत असेल तर ती काढून पाहा. अपडेटने यात सुधारणा होते, पण खऱ्या सेन्सरची सर येत नाही. तोवर कॉल लागला की पॉवर बटणाने स्क्रीन बंद करा. त्याआधी ॲक्सेसिबिलिटीमधलं ‘पॉवर बटणाने कॉल संपवा’ बंद आहे ना, ते बघा.

ठशासाठी: आधीचे ठसे पुसून टाका आणि काच लावल्यानंतर नव्याने नोंदवा. अंगठ्याच्या कडा आणि टोकही येऊ द्या, तोच अंगठा दोनदा नोंदवला तरी चालतं. काचेखाली हवेचा बुडबुडा असेल तर ठसा लागणं अवघडच.

आणि आपली लिपी तपासा. फॉन्ट मोठा करून नोटिफिकेशनमध्ये ‘कुऱ्हाड, दुसऱ्या, ॲप, सर्वांत, कीर्ती’ हे शब्द येऊ द्या. कीर्तीच्या वेलांटीचा आणि रफाराचा माथा छाटला जातो का, कुऱ्हाडीतला अर्धा र मोडतो का? मोडत असेल तर स्क्रीनशॉटसह कळवा. हे शंभर टक्के सॉफ्टवेअरचं काम आहे, आणि कोणी कळवलं नाही तर तसंच राहतं.

तारजोडणी

चार्जर राहिलाच. ६७ वॉट ही बहुधा कंपनीची स्वतःची पद्धत असते, तिला चार्जर आणि केबल दोन्ही त्यांचीच लागतात. लॅपटॉपचा चार्जर यूएसबी पीडीचे (सगळ्या कंपन्यांसाठी सामायिक असलेल्या चार्जिंग पद्धतीचे) ठरावीक व्होल्टेज देतो: ५, ९, १५, २०. फोन बहुधा त्यातला ९ व्होल्ट घेऊन १८ ते २७ वॉटवर थांबतो. फोनला पीपीएस (पीडीचाच एक प्रकार) चालत असेल तर पीपीएस चार्जरवर वेग वाढेल, कारण त्यात व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी बदलतं.

४० जीबीला वीस मिनिटं म्हणजे सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, हा सरळसरळ यूएसबी २.० चा वेग. तपशीलपत्रकात ३.२ लिहिलं असेल तर केबल बदला, २.० असेल तर तो पोर्ट कायमचा तसाच राहणार. ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवरून फाइल पाठवून पाहा, कित्येकदा ते जलद पडतं.

कंपनीला कळवताना नुसतं ‘बॅटरी उतरते’ असं लिहू नका. सेटिंग्जमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा आणि बिघाड झाल्या झाल्या बग रिपोर्ट (फोनच्या आतल्या नोंदींची फाइल) घ्या. नोंदींची जागा मर्यादित असते, नव्या नोंदी जुन्यांवर चढतात, तासाभराने कामाचं फारसं काही उरत नाही. सोबत बिल्ड क्रमांक, घड्याळातली नेमकी वेळ, पायऱ्या आणि दहापैकी किती वेळा झालं ते लिहा. त्या फाइलमध्ये तुमची खाती आणि वाय-फायची नावं असू शकतात, ती इथे चारचौघांत टाकू नका.

चकमक

चाचण्या केल्या. रात्री ९ टक्के, एअरप्लेन मोडमध्ये २. ४जीवर ठेवल्यावर ४. ‘एक्स्ट्रा डिम’ने डोळ्यांना आराम आहे. ठसे नव्याने नोंदवले, आता दहापैकी दहा. पण वर्तमानपत्राच्या फोटोत उजवा खालचा कोपरा फुगलेला, फोन उलटा धरला की पानाचा डावा वरचा. बदलून घेतेय.

भिंग

योग्य. देण्याआधी ओटीपी बनवणारं ॲप दुसऱ्या फोनवर हलवा, ई-सिम असेल तर तेही. मग सेटिंग्जमधून गूगल खातं काढा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट करा. खातं तसंच ठेवून रिकव्हरीतून रीसेट केलं तर फोन सुरू होताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि परतीचं काम अडतं. नवा फोन हातात आला की काच लावायच्या आधी वर्तमानपत्र.