रोज घालायला जुन्या घाटाचे बास्केटबॉल स्नीकर्स: रुंद पावलाला कोणते?

प्रश्न:
घोट्याखाली संपणारे, जुन्या बास्केटबॉल बुटांच्या घाटाचे स्नीकर्स घ्यायचेत. खेळायचं नाहीये, रोज जीन्सवर घालायचेत. दिवसाचे पाच-सहा तास उभं राहून काम असतं आणि माझा चवडा रुंद आहे. आधीच्या कॅनव्हासच्या जोडात उजवी करंगळी सतत घासायची, शेवटी कापड नेमकं तिथेच फाटलं. आता कॉन्व्हर्स चक टेलर, आदिदास सुपरस्टार आणि नायकी एअर फोर्स १ या तिघांत अडकलेय. दिसायला तिन्ही आवडतात, हीच अडचण!

उत्तर १:
ताई, तिन्ही वर्षानुवर्षं वापरलेत, म्हणून सांगतो. रंग नंतर बघा, आधी बूट उलटा करून सोल बघा. चक टेलरचा घोट्याखालचा प्रकार १९५७ चा. त्यात कापडाभोवती रबराची पट्टी लावून अख्खा बूट भट्टीत तापवतात, त्यामुळे तो हलका आणि लवचिक होतो. पण सोल पातळ. फिरायला मला तो आजही सगळ्यात लाडका आहे. दिवसभर उभं राहिलो की मात्र टाचा ठणकायच्या.

सुपरस्टार १९६९ चा आणि एअर फोर्स १ हा १९८२ चा. या दोघांचा सोल वाटीसारखा असतो. वरचं चामडं त्या वाटीत बसवून कडेने शिवतात. ती शिवण बोटाला लागते, बघा. सुपरस्टारच्या पुढचं शिंपल्यासारखं कवच रबराचं आहे. चामडं वापरून सैलावतं, ते कवच नाही सैलावत. माझ्या करंगळीला त्याची कड पहिले तीन आठवडे टोचत होती. एअर फोर्सच्या टाचेत हवेची पिशवी असते आणि पुढे जागाही ऐसपैस. जड आहे खरा, पण तुमच्या कामाला मी तोच घेईन.

घेताना इनसोल, म्हणजे बुटाच्या आतली पातळ गादी, बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभ्या राहा. करंगळी कडेबाहेर गेली तर तो जोड सोडून द्या, कितीही आवडला तरी. आणि हे संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

उत्तर २:
सुएड, म्हणजे मऊ लवदार चामडं, चालत असेल तर प्यूमा क्लाइडही बघा. १९७३ मध्ये वॉल्ट फ्रेझर या खेळाडूसाठी काढलेला बूट. सुएड पायाप्रमाणे लवकर बसतं. पाण्याला मात्र जपावं लागतं, डाग राहतात.

प्रश्नकर्ती:
इनसोलवर उभी राहिले! सुपरस्टारमध्ये करंगळी अर्धी बाहेर. एअर फोर्समध्ये मावली, पण नेहमीच्या मापात टाच उचलली जात होती. अर्धा नंबर लहान घेतला तर चालेल?

उत्तर १:
हो, तो बूट बऱ्याच जणांना मोठाच होतो, मीही अर्धा नंबर उतरतो. लहान मापातही इनसोलची परीक्षा परत घ्या. आणि कोणी वर्षानुवर्षं खोक्यात ठेवलेला कोरा जोड स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. सोलमधला पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने न वापरताही कुजतो. माझा एक जपून ठेवलेला जोड घालायला काढल्यावर दुसऱ्याच दिवशी चालता चालता तळातून भुगा होऊन गळला. तुम्ही घ्याल तो रोज घाला.