‘केवळ वाचनीय’ की ‘वाचनमात्र’?

दौतटाक:
नाशिकच्या एका घाऊक हार्डवेअर व्यापाऱ्यासाठी सूचनापुस्तिका मराठीत करते आहे. त्यांना टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला मालसाठा एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या प्रोग्रामला) दाखवायचा आहे. ‘अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह किती शिल्लक, कुठल्या गोदामात?’ असं विचारलं की त्याने सांगावं, पण नोंदींना हात लावू नये. ‘रीड-ओन्ली’साठी मी ‘केवळ वाचनीय’ लिहिलं. तिथल्या दिवाणजींनी मसुदा बघून विचारलं, “वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं ना? स्टॉकच्या यादीत वाचण्याजोगं काय असतं?” मला त्यांचं बरोबर वाटलं. काय लिहू?

मोडीप्रेमी:
‘अनीय’ प्रत्ययाला योग्यता आणि शक्यता हे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे व्याकरणाने ‘वाचनीय’ चुकत नाही. पण पुस्तकपरीक्षणांतून तो इतका रुळलाय की योग्यतेचाच अर्थ डोक्यात येतो. ‘वाचनमात्र’ करा. नाममात्र, तिळमात्र आहेतच की.

शेवगावकर:
‘वाचनमात्र’ कुठल्या दुकानात ऐकलाय? पुस्तिका दिवाणजी वाचणार. ‘फक्त बघता येईल, बदलता येणार नाही’ असं सरळ लिहा. बटणावर जागा कमी असेल तर ‘फक्त बघा’ पुरे.

वखारवाला:
मी टॅलीचीच कामं करतो. शब्द ठरवण्याआधी परवानगी खरंच तेवढीच आहे का ते विचारून घ्या. ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीने जोडलं तर माहिती नुसती बाहेर येते. पण टॅलीच्या पोर्टवर (सहसा ९०००) एक्सएमएल साच्यातला मजकूर पाठवून व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकताही येतं आणि मालाचा मास्टर (मूळ नोंद) बदलताही येतो. त्या वाटेने जोडणार असाल तर कुलूप मधल्या जोडणीत लावावं लागतं. एजंटच्या हाती फक्त माहिती मागवायची साधनं द्यायची आणि इम्पोर्टची विनंती तिथेच अडवायची. एमसीपीमध्ये (एजंटला बाहेरची साधनं जोडायची ठरलेली पद्धत) साधनावर ‘रीड-ओन्ली’ अशी खूण करता येते, पण नुसत्या खुणेने काही अडत नाही. झोहो बुक्स या हिशेबाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रीड, क्रिएट, अपडेट, डिलीट या परवानग्या टोकन (जोडणीची किल्ली) घेतानाच वेगवेगळ्या मागाव्या लागतात, ते जास्त भरवशाचं.

आणि ‘फक्त बघा’ला माझा विरोध आहे. स्टॉक समरीत मालाचा दर आणि किंमतही दिसते. काउंटरवरच्या पोराने विचारलं आणि एजंटने खरेदीचा भाव सांगून टाकला, तर एकही नोंद न बदलता मालकाचं नुकसान झालं. ‘फक्त’ म्हटलं की बघण्यात काही धोकाच नाही असं वाटतं.

दौतटाक:
हे महत्त्वाचं आहे, पुस्तिकेत वेगळा परिच्छेद घालते. मग ‘वाचन-परवानगी’ चालेल? त्यात ‘ॲक्सेस’साठी ‘प्रवेश’ लिहिणंही टळतं.

मोडीप्रेमी:
‘वाचनाधिकार’ जास्त नेटका. आणि ‘एजंट’ तरी कशाला ठेवता? ‘अभिकर्ता’ आहे.

शेवगावकर:
अधिकार एकदा दिला की काढून घेणं जड जातं, परवानगी कधीही मागे घेता येते. इथे परवानगीच हवी. आणि एजंटला पर्याय हवाच असेल तर ‘गुमास्ता’ घ्या. फारसीत ‘गुमाश्तन’ म्हणजे नेमणं, गुमास्ता म्हणजे नेमलेला. पेढीवर मालकाच्या वतीने काम बघायचा तो. नेमकं हेच काम आहे.

वखारवाला:
मुंबईत गुमास्ता म्हटलं की दुकानाचं लायसन्स. १९४८ चा दुकाने कायदा जाऊन २०१७ चा आला, तरी लोक ‘गुमास्ता काढला का?’ असंच विचारतात. ‘गुमास्त्याला परवानगी’ छापलंत तर भलताच अर्थ निघेल.

मोडीप्रेमी:
फारसीकडे वळायचं कारणच काय? फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश शिवाजी महाराजांनी कशासाठी करवून घेतला? १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. मनावर घेतलं की शब्द बदलतात.

शेवगावकर:
आणि पंतप्रधान? लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत पेशवाच राहिला. फर्दनवीस होता तो फडणीस झाला, म्हणजे तोंडात बसेल असा घडवून घेतला. हिशेबाचे शब्द हिशेब लिहिणारेच घडवतात.

मोडीप्रेमी:
फडणीस ‘फर्द’वरून आला हे मला मान्य नाही. ‘फड’ म्हणजे कचेरी, आपला शब्द. त्या फडावर लिहिणारा तो फडणीस.

दौतटाक:
दिवाणजींना ‘एजंट’ चालतो. मसुदा उद्या द्यायचा आहे. ‘वाचन-परवानगी’ की ‘वाचनाधिकार’, तेवढं सांगाल का?

शेवगावकर:
मोडीप्रेमी, चिटणीस चिठ्ठ्या लिहितो, म्हणजे पहिलं पद लिहिण्याच्या वस्तूचं. ‘फर्द’ म्हणजे कागदाचा बंद, तो त्याच ओळीत बसतो. फड ही जागा झाली. जागेवरून पडलेलं ‘नीस’वालं एखादं पदनाम दाखवा.

मोडीप्रेमी:
कारखानीस.