कॅरॅव्हान ओढायला सेकंडहँड फोर बाय फोर: ताकद बघायची की वजन?

सावकाश_चला

सेकंडहँड फोर बाय फोर शोधणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती किलो ओढते?" विकणाराही छाती फुगवून सांगतो, साडेतीन टन. माझ्या मते गाडी निवडताना हा आकडा जवळजवळ बिनकामाचा आहे.

समजा कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, सामानासकट २५०० किलोची आहे. जड कॅरॅव्हानच्या बाबतीत वजनाचा साधारण दहावा हिस्सा टो बॉलवर (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅरॅव्हान अडकवतात त्यावर) यावा असं धरतात (युरोपातल्या हलक्या कॅरॅव्हानना पाच ते सात टक्के). म्हणजे २५० किलो. हे वजन गाडीवरचा भार म्हणून मोजलं जातं, ही गोष्ट निम्म्या लोकांच्या गावीही नसते. गाडीची भार घ्यायची क्षमता ६०० किलो असेल तर उरले ३५०. चार माणसं बसली की ३०० गेले. राहिलेल्या ५० किलोंत टो बार, पुढचं लोखंडी गार्ड, दुसरी बॅटरी आणि टपावरचा कॅरिअर बसवून दाखवा. आधीच्या मालकाने हे सगळं हौसेने लावलेलं असतंच. अजून एक पिशवीसुद्धा ठेवलेली नाही आणि गाडी ओव्हरलोड!

दुसरी मेख एकत्रित वजनाची. काही डबलकॅब पिकअपना स्वतःचं, माणसं-सामानासकट, ३२०० किलो चालतं, ओढायला ३५०० चालतं, पण दोन्ही मिळून परवानगी ६००० चीच. ७०० किलो कुठे गेले? जाहिरातीत.

म्हणून माझी पसंती जड, साध्या इंजिनाच्या, भार घ्यायला भरपूर जागा असलेल्या जुन्या गाडीला. लँड क्रूझर १०० चं ४.२ टर्बो डिझेल चांगल्या अवस्थेत मिळालं तर मी नवीन हलक्या गाडीकडे बघणारही नाही. पटत नसेल तर बोला.

चौथा_गिअर

वजनाचा हिशोब शंभर टक्के मान्य. "जुनी घ्या" याला मात्र साफ विरोध.

कॅरॅव्हान डोलायला लागली की काय होतं हे ज्याने मागच्या आरशात पाहिलंय तो असं म्हणणार नाही. आधी हलकी झोकांडी, मग दुसरी मोठी, तिसऱ्या वेळी गाडीची शेपूटच ओढली जाते. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि कंट्रोलरवरून (डॅशबोर्डवरच्या, कॅरॅव्हानचे ब्रेक चालवणाऱ्या बटणावरून) फक्त कॅरॅव्हानचे ब्रेक लावायचे, हे पुस्तकात सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्षात पाय आपोआप ब्रेकवर जातो. नवीन गाड्यांतली ट्रेलर स्थिरता प्रणाली झोकांडी ओळखून एकेका चाकाला वेगवेगळा ब्रेक लावते आणि इंजिनची ताकदही कापते. तुमच्या जुन्या लोखंडाला यातलं काय येतं?

आणि "साधं इंजिन" म्हणजे नक्की कुठलं? टर्बो नसलेलं ४.२ डिझेल, म्हणजे १एचझेड, मरत नाही हे खरं. पण त्याचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २८५ न्यूटन मीटर. डिस्कव्हरी ४ च्या तीन लिटर डिझेलचा ६००, लँड क्रूझर २०० च्या व्ही८ चा ६५०. वर टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्के ताकद गमावतं. घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत मागे रांग लागलेली, आणि त्या रांगेतला कुणीतरी वैतागून वळणावर ओव्हरटेक करणार. सावकाश चालणं म्हणजे सुरक्षित चालणं नव्हे.

तेलकट_हात

चौथा_गिअर, ६०० न्यूटन मीटर कागदावर छान दिसतात. त्या डिस्कव्हरीच्या २.७ आणि ३.० व्ही६ डिझेलच्या क्रँकशाफ्ट-बेअरिंगच्या तक्रारी जगजाहीर आहेत. ओढायला गाडी सुरेखच, वादच नाही. फक्त सेकंडहँड घेणाऱ्याने इंजिन गेलं तर काय, याची तयारी मनात ठेवून घ्यावी. प्राडोच्या तीन लिटर डी४डीत इंजेक्टरचे सील गळले की काजळी ऑइलमध्ये जाते आणि पुढे ऑइल पंपाची जाळी तुंबते. पॅट्रोलचं सुरुवातीचं तीन लिटर झेडडी३० पिस्टनसाठी बदनाम. बिनदोष असं काही नसतं, कुठला दोष परवडतो एवढंच ठरवायचं.

तुमचं दोघांचं भांडण इंजिनवर चाललंय, पण ओढताना आधी मरतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, तेही उष्णतेने. चढावर कमी वेगात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, तो घसरत राहतो आणि ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. त्यामुळे गाडी बघायला गेलात की गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) असेल तर काढून पांढऱ्या फडक्यावर तेल पुसा. लालसर आणि पारदर्शक असेल तर ठीक. तपकिरी, करपल्याचा वास आणि बोटाला बारीक कचकच लागली तर नमस्कार करून घरी या. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते, "आयुष्यभर तेल बदलायचं नाही" म्हणतात. कुणाचं आयुष्य ते सांगत नाहीत. तिथे तेल बदलल्याची पावती मागा आणि वेगळा ट्रान्समिशन कूलर बसवलाय का ते खाली वाकून बघा.

मग मागचा डिफ, म्हणजे मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियल. फिलर प्लग उघडून करंगळी घाला. तेल दुधाळ असेल तर कधीतरी पाण्यात गाडी घातली आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आत गेलं. टो बारच्या नळीत आतून हात फिरवा, भोक लंबगोल झालंय का बघा. ट्रेलरच्या प्लगमागची वायरिंग टेप गुंडाळून जोडलेली असेल तर बाकीची कामंही तशीच झालेली असणार.

मोकळा_रस्ता

एवढं सगळं तपासण्यापेक्षा टो बार लावलेली गाडी घेऊच नका! ज्या गाडीने आयुष्यात काही ओढलं नाही तीच घ्या आणि टो बार आपण बसवा. विषय संपला.

तेलकट_हात

संपला कसा? शहरातल्या शहरात शाळा-बाजार केलेली डिझेल गाडी माझ्या मते जास्त धोक्याची. इंजिन कधी नीट तापलेलं नाही, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) अर्धा तुंबलेला, आणि रेडिएटर कधी कसाला लागलेलाच नाही. पहिल्याच मोठ्या चढावर तुमच्या खर्चाने त्याची परीक्षा होणार. याउलट कॅरॅव्हान ओढणारे बरेच जण वयाने मोठे, हळू चालवणारे, वहीत सगळं लिहून ठेवणारे. सर्व्हिस कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावरच केलेली असेल तर ओढलेली गाडी मी डोळे झाकून... बरं, एक डोळा झाकून घेईन.

मोकळा_रस्ता

वही तर विकायच्या आदल्या रात्रीही लिहिता येते. असहमत. तुमचं चालू द्या.

दोन_चाकं_पुरे

मूळ प्रश्नच चुकलाय असं वाटतं. फोर बाय फोर हवीच कशाला? कॅरॅव्हान ९९ टक्के वेळ डांबरावर असते. जड स्टेशन वॅगन जमिनीला धरून असते, कमी डोलते, इंधन कमी पिते. ब्रिटनमध्ये नवख्यांना जुना सल्ला आहे की कॅरॅव्हानचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. त्यात बसणारी मध्यम कॅरॅव्हान घेतली की हा ताबूत लागतच नाही.

सावकाश_चला

८५ टक्क्यांचा सल्ला सोन्यासारखा आहे, पण तो तुमच्याविरुद्ध जातो. २००० किलोची कॅरॅव्हान म्हटली तरी गाडी साडेतेवीसशे किलोची हवी. एवढ्या वजनाच्या किती स्टेशन वॅगन दाखवाल?

आणि उरलेला एक टक्का म्हणजे तळावरचं ओलं गवत. इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीची चाकं तिथे जागच्या जागी फिरतात, कारण टो बॉलवरच्या वजनाने नेमकी पुढचीच चाकं हलकी झालेली असतात.

चौथा_गिअर

इथे सावकाश_चला यांच्या बाजूने. फक्त पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरजेला चारही चाकं जोडायची ती) घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. तिच्यात पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळलात की सगळी यंत्रणा आवळली जाते. कॅरॅव्हान चढावर मागे लावताना लो रेशो (जास्त जोराचा, कमी वेगाचा गिअर) वरदान आहे, पण पार्ट-टाइममध्ये नेमकं काँक्रीटवर, स्टिअरिंग पूर्ण वळवून ते वापरता येत नाही. पजेरोची सुपर सिलेक्ट डांबरावरही फोर-व्हीलमध्ये चालते, प्राडो कायम फोर-व्हीलमध्येच असते.

पजेरोवर खूश होण्याआधी हँडबुक वाचा. ३.२ डिझेलला काही बाजारांत ३००० किलोची परवानगी आहे, मात्र २५०० च्या वर गेलात की टो बॉलवरची मर्यादा २५० किलोंवरून १८० वर येते. तीन टनाला १८० म्हणजे सहा टक्के. कॅरॅव्हान मागून जड, आणि परत झोकांडीवर गाडी आली.

नवा_भिडू

मॅन्युअल की ऑटो? आणि मागची बाजू बसते म्हणून एअरबॅगवाली (हवेच्या फुग्यांची) सस्पेन्शन लावलेली पिकअप बघितली आहे, मालक म्हणतो आता कितीही लादा.

तेलकट_हात

ऑटो, कूलरसकट. मॅन्युअलचा क्लच चढावर रिव्हर्स घेताना जळतो.

त्या मालकाला मात्र लांबूनच नमस्कार. हिशोब करा. व्हीलबेस २.८ मीटर, टो बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे. २५० किलो टेकवले की मागच्या एक्सलवर पडतात सुमारे ३५७, आणि पुढचे १०७ उचलले जातात. एअरबॅगने मागची बाजू वर येते, गाडी सपाट दिसते, पण ते १०७ किलो पुढच्या चाकांवर परत येत नाहीत. स्टिअरिंग हलकं ते हलकंच. वर स्प्रिंगच्या पाट्यांचा भार दोन टोकांना वाटला जायचा तो आता चासीच्या मधल्या एका बिंदूवर येतो. खराब रस्त्यावर चासी तिथेच वाकते. केबिन आणि मागच्या हौद्यामधली फट बघा. वर रुंद आणि खाली अरुंद किंवा उलटी दिसली तर चासी वाकलीय.

पुढचं वजन परत आणायचं तर वजन वाटून देणारा स्प्रिंगबारवाला हिच (गाडी-कॅरॅव्हानमधली जोडणी) लागतो, आणि तो त्या गाडीला चालतो का हे आधी हँडबुकात बघायचं.

नवा_भिडू

फट बघून आलो. वर दोन बोटं जातात, खाली एकच. मालक म्हणतो कंपनीतूनच तशी येते.

सावकाश_चला

तसलीच दुसरी गाडी शेजारी उभी करून मोजा म्हणावं. आणि पुढची गाडी बघाल तेव्हा वजनकाट्यावर न्या, टाकी भरून, आत माणूस न बसवता. कागदावरचं रिकामं वजन कारखान्यातलं असतं, वरचं गार्ड-कॅरिअर त्यात नसतं.

मोकळा_रस्ता

विकणारा काट्यावर येतो होय? स्वप्न बघा.

तेलकट_हात

चाचणीला गाडी घेऊन निघालात की रस्ता कुठला घ्यायचा ते तुम्हीच ठरवता ना? काट्यावरूनच न्या. बोलता बोलता होतं.