‘आम्ही पाप केले’ असे मी कोणाच्या वतीने म्हणायचे?

नगरकर (प्रश्न)

आमच्या मंडळीत या वर्षी उपवासकाळातल्या एका शुक्रवारी सामुदायिक पश्चात्तापाची उपासना ठेवली होती. पाळकांनी बायबलमधील योएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचला आणि त्यानंतर सर्वांनी उभे राहून छापील पापकबुली एकत्र म्हटली. तिच्यात ‘प्रभुभोजनाच्या मेजाभोवती उभे राहूनही आम्ही मनात जात पाळली’ अशा अर्थाचे एक वाक्य होते आणि तेथे माझा आवाज थांबला. मी आजवर कोणाला जात विचारलेली नाही. उलट, सोयरीक जुळवताना ‘मंडळी मूळची कोणती?’ हा जात काढून घेणारा प्रश्न हमखास विचारणारे एक वडीलधारे गृहस्थ माझ्या पुढच्या बाकावरून तेच वाक्य खणखणीत आवाजात म्हणत होते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात जो जीव पाप करील तोच मरेल, पुत्र बापाच्या दुष्कर्माचा भार वाहणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मग जे पाप मी केले नाही त्याची कबुली देवासमोर देणे हे शास्त्राला धरून आहे काय? आणि ते खोटे बोलणे ठरत नाही काय?

जुना सभासद

आपण उद्धृत केलेला अध्याय शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती. ‘बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले’ ही म्हण बाबेलच्या बंदिवासातले लोक वापरत होते ती स्वतःला मोकळे ठेवण्यासाठी: दोष वडिलांचा, आम्ही मात्र नुसते भोगतो आहोत. ती पळवाट संदेष्टा बंद करतो. मात्र प्रत्येकाचा हिशोब वेगळा केल्यावरही तो एकेकट्याला घरी पाठवत नाही. अध्यायाच्या अखेरीस हाक आहे ती संपूर्ण इस्राएल घराण्याला, की तुम्ही सर्व फिरा आणि नवे हृदय व नवा आत्मा मिळवा. वैयक्तिक जबाबदारी आणि सामुदायिक हाक या एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे एकीच्या आधारे दुसरी खोडता येत नाही.

दानीएलाचा नववा अध्यायही पाहावा. ज्याच्या कारभारात शत्रूंनाही काही दोष सापडला नव्हता, तो माणूस गोणताट नेसून व राख घेऊन ‘आम्ही पाप केले आहे’ असे म्हणतो. नहेम्या तर यरुशलेमेपासून दूर, शूशनच्या राजवाड्यात पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. तरीही ‘मी व माझ्या बापाचे घराणे’ असे म्हणून तो स्वतःला त्या यादीत घालतो. दोघेही खोटे बोलत नव्हते. ज्या लोकांच्या वतीने देवाशी बोलायचे त्या लोकांतून स्वतःला वगळले, तर ती मध्यस्थी न राहता फिर्याद होते, हे ते जाणून होते.

वसईकर

आमच्याकडे कॅथलिक उपासनेत ही अडचण वेगळ्या रीतीने हाताळली आहे, म्हणून लिहितो. राखेच्या बुधवारी मिस्सात योएलाचा हाच उतारा पहिले वाचन म्हणून येतो आणि गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख फादरांपासून पहिल्या कम्युनियनच्या पोरांपर्यंत सर्वांच्या कपाळी लागते. म्हणजे आरंभ सामुदायिकच असतो. परंतु 1973 च्या प्रायश्चित्तविधीने (पापकबुली व क्षमेच्या विधिग्रंथाने) तीन रूपे ठरवून दिली, आणि त्यांपैकी आमच्या पॅरिशमध्ये (धर्मग्रामात) ईस्टरपूर्वी होते ते दुसरे. सगळे एकत्र बसून शास्त्रवाचन ऐकतात, एकत्र आत्मपरीक्षण करतात, आणि मग आजूबाजूच्या पॅरिशमधून आलेल्या धर्मगुरूंपुढे रांगा लावून प्रत्येक जण आपापले पाप आपल्या तोंडाने सांगतो. सर्वांना एकदम क्षमा देण्याचे तिसरे रूप केवळ मृत्यूचा धोका किंवा तशीच गंभीर निकड असेल तर चालते, आणि त्यानंतरही गंभीर पापे पुढे व्यक्तिशः सांगावीच लागतात.

मला यातला विवेक पटतो. ‘आम्ही’ हा शब्द दार उघडतो, आत मात्र एकेकट्यानेच जायचे असते. नगरकरांच्या पुढच्या बाकावरचे गृहस्थ त्या रांगेत उभे असते, तर त्यांना ते खणखणीत वाक्य पुरले नसते.

जातीविषयी एक गोष्ट नमूद करतो. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि त्यात चर्चमधील जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे मान्य केले. ज्याने स्वतः भेद केला नाही, तोही ज्या घरात तो चालतो त्या घराचा माणूस असतोच.

तळटीप

‘तळटीप’ या नावाने मी येथे लिहितो. वरील दोन्ही उत्तरे आदराने वाचली, तरी माझी शंका अधिक खोल आहे. सामुदायिक पश्चात्ताप म्हटला की आपण योएल आणि योनाच्या पुस्तकातले निनवे शहर आठवतो. एज्राचा दहावा अध्याय कोणी आठवत नाही. परकीय बायका केल्याच्या प्रकरणी नवव्या महिन्यात, भर पावसात, सारे लोक देवाच्या मंदिरासमोरच्या चौकात थरथरत बसले होते, आणि लेखक प्रामाणिकपणे सांगतो की ते त्या प्रकरणामुळेही कापत होते व पावसामुळेही. लोकांनी पाप कबूल केले आणि चौकशीसाठी मुदत मागितली. हे काम एक-दोन दिवसांचे नाही, असे ते म्हणाले. पुढे तीन महिने चौकशी चालली आणि परकीय बायकांना सोडून देण्याचे ठरले. त्यांपैकी काहींना मुलेबाळे होती, हे अध्यायाच्या शेवटच्या ओळीत आहे. ‘आम्ही’ पाप केले, पण किंमत मोजली ती त्या चौकात ज्यांना बोलण्याचा अधिकारच नव्हता त्यांनी.

म्हणून मी कोणत्याही सामुदायिक पापकबुलीला एकच प्रश्न विचारतो: याचा खर्च कोणाच्या खाती पडणार आहे? नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तो योग्य खाती पडला. तेथे सावकारी करणाऱ्या सरदारांनी गहाण पडलेली शेते, द्राक्षमळे, जैतुनांचे मळे व घरे परत केली. नवव्या अध्यायात दिवसाचा एक चतुर्थांश भाग नियमशास्त्राचे वाचन आणि दुसरा चतुर्थांश पापकबुली झाली ती त्यानंतर, आणि दहाव्यात तर नावानिशी करार करून मंदिरासाठी दरसाल शेकेलाचा तिसरा हिस्सा देण्याचे ठरले. आपल्या मंडळ्यांतल्या उपासना बहुधा नवव्या अध्यायापाशी सुरू होतात आणि तेथेच संपतात.

ड्रेस्डेनकर

तळटीप यांच्या प्रश्नावरून राहवले नाही. मी राहतो त्या सॅक्सनी राज्यात नोव्हेंबरमधला पश्चात्ताप व प्रार्थनेचा बुधवार आजही सुटीचा दिवस आहे. 1995 पासून जर्मनीतील इतर राज्यांनी शुश्रूषा-विम्याचा (वृद्ध व आजारी माणसांच्या देखभालीच्या विम्याचा) खर्च भागवण्यासाठी ही सुटी रद्द केली. सॅक्सनीने ती राखली, आणि त्या बदल्यात येथील नोकरदारांच्या पगारातून त्या विम्याचा हिस्सा अधिक कापला जातो. पश्चात्तापाच्या दिवसाचे पैसे वेतनपावतीवर दिसावेत, हे मला गंमतीदार वाटत आले आहे. चर्चमध्ये त्या दिवशी किती जण जातात, तो विषय निराळा.

नगरकरांच्या प्रश्नाशी थेट जुळणारे उदाहरण ऑक्टोबर 1945 मधल्या श्टुटगार्टच्या निवेदनाचे आहे. जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी परदेशी चर्चच्या प्रतिनिधींपुढे मान्य केले की आमच्यामुळे अनेक राष्ट्रांवर व देशांवर अपरिमित दुःख ओढवले. आम्ही अधिक धैर्याने साक्ष दिली नाही, अधिक निष्ठेने प्रार्थना केली नाही, अधिक तळमळीने प्रीती केली नाही, असा दोष ते स्वतःकडे घेतात. स्वाक्षरी करणाऱ्यांत मार्टिन नीम्योलर होते, ज्यांनी हिटलरच्या छळछावण्यांत सुमारे सात वर्षे काढली होती. ‘मी हे केले नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. देशात या निवेदनावर संतापाची लाट उसळली. मात्र त्याचे दौर्बल्यही सांगितले पाहिजे: त्यात ज्यू लोकांचा उल्लेखच नाही, आणि इस्राएलाविषयीच्या, म्हणजे ज्यू लोकांविषयीच्या, अपराधाची कबुली द्यायला चर्चच्या महासभेला 1950 साल उजाडले. ज्यांच्यावर सर्वांत मोठा अन्याय झाला त्यांचेच नाव कबुलीतून गळावे, हे सामुदायिक ‘आम्ही’चे नेहमीचे दुखणे आहे.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील रस्टेनबर्गचे. नोव्हेंबर 1990 मध्ये चर्चच्या परिषदेत विली योन्कर या डच रिफॉर्म्ड धर्मशास्त्रज्ञांनी वर्णभेदाबद्दल आधी स्वतःचा अपराध आणि मग आपल्या चर्चच्या व आफ्रिकानेर (तेथील प्रामुख्याने डच वंशाच्या गोऱ्या) लोकांच्या वतीने अपराध कबूल केला. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांनी उठून तेथेच ती कबुली स्वीकारली. पण तिला आक्षेप दोन्हीकडून आले: ज्यांच्या वतीने योन्कर बोलले त्यांच्यापैकी काहींनी ‘तुम्हाला हा अधिकार कोणी दिला?’ असे विचारले, आणि काही कृष्णवर्णीय प्रतिनिधींना टूटूंनी आमच्या वतीने इतक्या लवकर क्षमा का केली, हे पटले नाही. क्षमा करणाऱ्यालाही कोणाच्या तरी वतीने बोलावे लागते, ही बाजू आपल्या चर्चेत आली नव्हती.

नगरकर

सर्वांचे आभार. दानीएलाच्या दाखल्याने माझी अर्धी अडचण दूर झाली. परंतु योन्करांनी ‘मी’पासून आरंभ केला, आणि आमच्या छापील कागदावर ‘मी’ला जागाच नव्हती. ते वाक्य कोणी लिहिले, आणि ज्यांना त्या भेदाची झळ बसली त्यांना आधी विचारले होते काय, हे मला ठाऊक नाही. पुढच्या बैठकीत विचारीन म्हणतो.

जुना सभासद

अवश्य विचारावे, मात्र त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना उद्देशून नव्हे. त्यांनी ते वाक्य निदान म्हटले तरी आहे, आणि ते किती खरेपणाने म्हटले हे आपल्याला दिसत नाही.

तळटीप

येथे मी सहमत नाही. ते दिसते. त्यांच्या घरी पुढची सोयरीक जुळवायची वेळ येईल, तेव्हा सर्वांना दिसेल. नगरकर, बैठकीत आणखी एक विचारा: कमिटीवर आणि विवाह जुळवणाऱ्या मंडळात आजवर कोणत्या घरांतली माणसे आली आणि कोणत्या घरांतली कधीच आली नाहीत. ती यादी पुढच्या उपासनेच्या कागदावर छापता आली, तर मी स्वतः नगरला येऊन ती सर्वांबरोबर म्हणेन.