मदत हवी आहे: पैसे भरल्यावरही आठवणीचा मेसेज जातोय

घरगुती मसाल्यांची ऑनलाइन विक्री आहे. मेसेज आपोआप पाठवणाऱ्या टूलमध्ये एक जर्नी (ठरलेल्या पायऱ्यांची साखळी) लावली आहे: ऑर्डर अर्धवट राहिली की व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज, मग २० तासांचा थांबा, मग अट: पेमेंट झालं का? हो असेल तर बाहेर, नाही तर दुसरा मेसेज.

थांब्याच्या काळात पैसे भरणारेही 'नाही'च्या फांदीत जातात. काल एका ताईंना पावती गेली आणि तासाभरात "तुमची ऑर्डर अपूर्ण आहे". फार वाईट वाटलं. टूलच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) ऑर्डर स्टेटस जर्नीत प्रवेशाच्या वेळचं 'पेंडिंग'च दिसतं, ग्राहकाच्या प्रोफाइलवर मात्र 'पेड'.

अट थांब्यानंतरच आहे. स्पेलिंग, कॅपिटल-स्मॉल तपासलं. थांबा ५ मिनिटांचा करून पाहिला, तेच. पेमेंटचा वेबहुक (पैसे आल्याची टूलला आपोआप येणारी सूचना) वेळेवर येतो. 'मेसेज वाचला' ही अट उपयोगाची नाही, रीड रिसीट बंद असलेल्यांचं कळतच नाही. दुसऱ्या मेसेजचा टेम्प्लेट मंजूर आहे. टूल बदलता येणार नाही; थोडंफार जावास्क्रिप्ट येतं.

अट प्रोफाइलच्या ताज्या व्हॅल्यूवर लावू, की पेमेंटच्या इव्हेंटवर (पैसे आल्याची नोंद होताच) जर्नीतून एक्झिट ठेवू? आणि एकाच ग्राहकाच्या दोन ऑर्डरी चालू असतील, तर पैसे भरलेल्या ऑर्डरचीच जर्नी कशी थांबवायची?